ओले फडके आणि कंडेन्सर

पॉइंटच्या गॅपवरचा गेल्या आठवड्याचा भाग वाचून सेलूच्या एका वाचकाने असा प्रश्न विचारला आहे, की त्याच्यासाठी टायमिंगचा ठरलेला विषय आठवडाभर मागे ढकलावा लागतो आहे. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. जालन्याहून मंठामार्गे येताना गाडी छान पळते. देवगाव फाट्यावर सेलूकडे वळण्यासाठी वेग कमी केला की मिसिंग सुरू होते, दोन-चार झटके बसतात आणि गाडी बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही. मग बॉनेट उघडायचे, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायचे, चहा घ्यायचा. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी पहिल्या सेल्फला सुरू. थंडीच्या दिवसांत हा त्रास अजिबात नाही. पेट्रोल पंप बदलून झाला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, तरी फाटा काही सुटत नाही.

नेमका फाटाच का, याचे उत्तर सोपे आहे. गाडी वेगात असते तोवर समोरून येणारा वारा बॉनेटखालची उष्णता वाहून नेतो. वेग कमी झाला की वारा थांबतो, इंजिन मात्र तितकेच तापलेले असते. परभणी-जालन्याच्या मे महिन्यात बाहेरची हवाच चाळिशीच्या पुढे असते. इंजिन बंद केल्यावर तर पहिली काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरायच्या ऐवजी आणखी चढते. उष्णतेने बिघडणारा कोणताही भाग याच वेळी दगा देतो.

ओले फडके ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि चुकीची अजिबात नाही. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्याच अंगाला बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. फडक्याने पंप निवतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. पण त्या अर्ध्या तासात पंपाबरोबर बाकीचे सगळेच निवत असते. गाडी फडक्याने सुरू झाली की नुसत्या थांबण्याने, हे कळायला मार्ग राहत नाही. पंप बदलूनही फॉल्ट कायम आहे म्हटल्यावर संशय करंटकडे वळवायला हवा, आणि तिथला पहिला संशयित कंडेन्सर.

बोटाच्या पेराएवढी ही पत्र्याची डबी. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये कागद किंवा प्लास्टिकचा पापुद्रा, आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी. पॉइंट उघडतात तेव्हा कॉइलमधला प्रवाह तोडला जातो. पण प्रवाह सहजी तुटत नाही, तो उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतून ठिणगी होऊन वाहतच राहतो. असे झाले तर कॉइलमधले चुंबकत्व हळूहळू ओसरते आणि प्लगकडे जाणारा दाब तयारच होत नाही. कंडेन्सर तो प्रवाह क्षणभर स्वतःत घेतो. तेवढ्यात पॉइंट पुरेसे दूर जातात, चुंबकत्व एकदम कोसळते आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतून पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना हे सेकंदाला शंभर वेळा घडते.

ही कल्पना मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. १८४९ साली फिरत्या दातेरी चाकाच्या साह्याने प्रकाशाचा वेग मोजणारे फ्रेंच शास्त्रज्ञ फिझो यांनी १८५३ मध्ये प्रयोगशाळेतल्या कॉइलला कंडेन्सर जोडण्याचे सुचवले, आणि तिच्या ठिणग्या लांब पडू लागल्या. कार्ल बेंझच्या गाडीला पेटंट मिळाले ते त्यानंतर ३३ वर्षांनी, १८८६ मध्ये. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी जोडणी रुळवली, तीच कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीत आहे. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या माणसाचा एक विचार देवगाव फाट्यावरच्या बॉनेटखाली काम करतो आहे, ही गोष्ट कितीदा सांगितली तरी जुनी होत नाही.

आता तपासणी. ती गाडी बंद पडली त्याच मिनिटाला करायची, चहा नंतर. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मधोमध जाणारी जाड वायर टोपीकडून काढावी. कोरड्या जाड फडक्यात धरून तिचे टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवावे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. कार्बोरेटरपासून लांब, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच नाही. निळी, टचटच वाजणारी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. फडके खुशाल पंपावर ठेवावे. ठिणगी पिवळट आणि बारीक असेल, किंवा पडतच नसेल, तर पेट्रोलचा काही दोष नाही.

ठिणगी अशक्त असेल तर बहुधा कंडेन्सरची आतली जोडणी तापून सुटलेली असते. अशा वेळी जुन्याला हात न लावता दुसरा कंडेन्सर बाहेरून लावता येतो: त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, डबी इंजिनच्या लोखंडाला घट्ट. इंजिनने लगेच घेतले तर निकाल लागला.

ठिणगी अजिबात नसेल तर बारा व्होल्टचा टेस्टर बल्ब घ्यावा. चावी चालू, पॉइंट उघडे, बल्बचे एक टोक कॉइलच्या त्याच टोकाला आणि दुसरे अर्थला. बल्ब लागायला हवा. लागला नाही, तर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर कॉइलपाशी सोडवावी. आता लागला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये काहीतरी अर्थ होते आहे. वायर परत जोडून फक्त कंडेन्सर सोडवावा. बल्ब पेटला की चोर सापडला. तरीही नाही पेटला, तर पॉइंटखालचा इन्सुलेशनचा वायसर पाहावा. पॉइंट बदलताना तो उलटसुलट बसला की अशीच गत होते. असा आतून अर्थ झालेला कंडेन्सर मात्र काढूनच टाकावा लागतो, शेजारी दुसरा लावून भागत नाही.

घरी निवांत पॉइंट उघडून पाहिले तरी खुणा दिसतात. तोंडे निळी-काळी जळालेली असतील, किंवा एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा असेल, तर नुसते घासून नवीन गॅप लावण्यात अर्थ नाही. कंडेन्सर तोच राहिला तर पॉइंट पुन्हा तसेच होतील.

नवा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन तपे झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. जुन्या दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला कंडेन्सर डबीबंद असला तरी आतला कागद ओल धरतो, म्हणून तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. अडल्या वेळी पॉइंटवाल्या जुन्या बुलेटचा कंडेन्सर चालतो. क्षमता जवळपास तीच, ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास. बुलेटचा मेकॅनिक मराठवाड्यात कोणत्याही फाट्यावर भेटेल. एका वायरला क्लिप लावलेला असा एक कंडेन्सर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. आणि कायमचा बसवतानाही शक्य असेल तर इंजिनच्या अंगापासून दूर, कॉइलच्या पट्टीखाली कसावा. काम तेच करतो आणि तापत नाही.

कंडेन्सर बदलूनही दुपारचा त्रास राहिला, तर पुढचा संशय कॉइलवर. इथे एक सवय आधी तपासावी. फाट्यावर थांबल्यावर गाणी ऐकायला किंवा विसरून चावी चालूच राहते का? पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबले असेल, तर साधारण तीन ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअर सतत वाहत राहतात. ती जवळजवळ पन्नास वॅटची उष्णता मुठीएवढ्या डब्यात कोंडते, आणि कॉइलच्या आतले इन्सुलेशन तिथेच जळू लागते.