समजून घ्या : अ‍ॅम्ब्युलन्सवर नाव उलटं का लिहितात? आरशाचा ८ हजार वर्षांचा प्रवास

भांग पाडताना, टिकली लावताना, घराबाहेर पडताना आपण आरशात पाहतोच. बाईकच्या आरशात मात्र अनेक जण मागचा रस्ता नाही, तर फक्त स्वतःचा चेहरा बघतात. काही जण तर तो काढूनच टाकतात. हा आरसा आला कुठून आणि काम कसं करतो, जाणून घेऊया.

पहिला आरसा कशाचा होता?
तुर्कस्तानातील चाताल्हुयुक इथे सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीचे आरसे सापडले आहेत. लाव्हा थंड होऊन बनलेली काळी काच घासून ते तयार केले होते. पुढे तांबं आणि काशाचे आरसे आले. केरळमधील अरनमुळा गावात तांबं-कथिलाचा आरसा आजही हाताने घासून घडवला जातो.

काचेचा आरसा स्वस्त कसा झाला?
सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागीर काचेमागे कथिल आणि पाऱ्याचा थर देत. फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याचं १६८४ मध्ये पूर्ण झालेलं दालन ३५७ आरशांनी सजलं आहे. या झगमगाटाची किंमत कारागिरांनी मोजली. पाऱ्याच्या वाफेमुळे त्यांचे हात थरथरत, दात पडत. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी रासायनिक क्रियेतून काचेवर चांदीचा पातळ थर मिळवला. या पद्धतीत पुढे सुधारणा होत गेल्या, पारा मागे पडला आणि आरसा सामान्यांच्या घरात आला.

आरशात उलटं का दिसतं?
आरसा डावं-उजवं बदलत नाही, पुढचं-मागचं बदलतो. आरशासमोर उजवा हात हलवा, प्रतिमेतही त्याच बाजूचा हात हलेल. अक्षरं उलटी दिसतात, कारण कागद आरशाला दाखवताना आपणच तो फिरवतो. म्हणूनच अ‍ॅम्ब्युलन्सच्या पुढच्या बाजूला नाव उलटं लिहितात. पुढच्या गाडीच्या चालकाला ते आरशात सरळ वाचता येतं आणि तो वाट देतो. अर्थात, आरसा असेल तरच!

मागची गाडी लांब का वाटते?
गाड्यांचे बाजूचे आरसे बहुतेकदा बाहेरून फुगीर, म्हणजे बहिर्वक्र असतात. त्यात रस्त्याचा जास्त भाग मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते. लहान म्हणजे लांब, असा मेंदूचा अंदाज असतो. प्रत्यक्षात ट्रक बराच जवळ आलेला असू शकतो.

काय लक्षात ठेवाल?
- आरसा गाडी उभी असतानाच लावून घ्या. त्यात स्वतःचा चेहरा नाही, मागचा रस्ता दिसायला हवा.
- आरशात न दिसणारा भागही असतो. लेन बदलण्यापूर्वी आरसा पाहा, इंडिकेटर द्या आणि खांद्यावरून एक नजर टाका.
- आरसा फुटला असेल तर लगेच बदला.