वाटाड्याची वही

दिवाळी आटोपली, पहाटे दव पडू लागलं, की आमच्या किहीमला मुंबईच्या पाहुण्यांची वर्दळ वाढते. कुणी समुद्रात डुंबायला येतं, कुणी पोपटी खायला. त्यातले दोन-चार जण हातात काठी आणि गळ घेऊन मला विचारतात, “काका, इथं गोड्या पाण्यातले मासे कुठं मिळतील?” समुद्र दारात असताना गोडं पाणी कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गरवणाऱ्याचा खरा कस लागतो तो थंडीतल्या तळ्यावर. म्हणूनच या दिवसांत सोबत जाणता वाटाड्या घ्यायची पद्धत देशोदेशी आहे. हा वाटाड्या काय करतो आणि त्याच्या हातून केवढं मोठं काम होऊ शकतं, ते आज सांगायचं आहे.

आधी थंडीचं गणित समजून घेऊ. आपलं अंग बाराही महिने सारखंच ऊबदार राहतं. माशाचं तसं नाही. पाणी गार झालं, की त्याचं शरीरही गार होतं. खाल्लेलं पचायला वेळ लागतो, भूक मंदावते आणि भक्ष्यामागं धावायचा उत्साहही कमी होतो. उन्हाळ्यात मासा आमिषाकडे येतो. थंडीत आमिष माशाच्या तोंडापर्यंत न्यावं लागतं. बर्फाळ देशांत तर वेगळीच गंमत असते. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्यामुळे वर बर्फ गोठला तरी तळाशी तेवढी ऊब टिकून राहते आणि मासे तिथं खाली मुक्कामाला जातात. नेमक्या कोणत्या खोलीवर, हे रोज त्या पाण्यावर जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आपल्या कोकणात बर्फ नाही, पण नियम तोच. पहाटे तळ्याच्या काठचं उथळ पाणी गारठलेलं असतं. दहा-अकराच्या सुमारास ऊन चढलं, की तेच आधी कोमट होतं आणि मासे काठाशी येऊ लागतात. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, पहाटेची घाई नको, पोटभर न्याहारी करून या. पावसाळ्यातला गढूळपणा आता खाली बसलेला असतो. मासा दोरा पाहतो, तुमची सावलीही पाहतो. तेव्हा दोरा बारीक, आमिष लहान, हात सावकाश आणि तोंड बंद! तळं ग्रामपंचायतीचं असो वा खाजगी, आधी परवानगी घ्यायची, हे तर आलंच.

आपल्या देशात अशा वाटाड्यांसाठी गाजलेली जागा म्हणजे कर्नाटकातली कावेरी. भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे या ठिकाणी नदीकाठी तळ होते. पावसाळा सरून पाणी उतरलं, की देशविदेशातले हौशी लोक तिथं महाशीर धरायला येत. हा मासा काही साधासुधा नव्हे. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. वाटाडे असत ते काठावरच्या गावांतले. त्यातले काही पूर्वी चोरून मासे मारणारे होते. नदीचा प्रत्येक खडक, प्रत्येक डोह त्यांना पाठ. टोपलीसारख्या गोल होडीतून ते पाहुण्यांना नेत, नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा गळाला लावून देत. मासा लागला, की त्याचं वजन करायचं, नोंद करायची आणि त्याला पुन्हा नदीत सोडायचं, हा तिथला शिरस्ता होता.

मंडळी, ही नोंदच पुढं मोलाची ठरली. गालिबोरेच्या तळावरच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरवर पाहता सारं छान होतं. गळाला लागणाऱ्या महाशीरांची संख्या वाढत होती. पण जाती वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा कळलं की वाढत होता तो निळसर पंखांचा महाशीर. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महाशीर मात्र कमी कमी होत होता. त्यातले जे सापडत, ते वजनानं मोठे मोठे होत चाललेले. म्हणजे म्हातारे उरले होते, पिल्लं येत नव्हती.

हा निळसर पंखांचा पाहुणा कुठला? तर आपल्या महाराष्ट्रातला! कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या याच माशाचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. धरणांमुळे तो कमी होऊ लागला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं १९७०च्या दशकात लोणावळ्याला त्याची पैदास सुरू केली. काम चांगलंच होतं. पण तिथली बोटुकली पुढं दूरच्या कावेरीतही सोडली गेली आणि घरच्या माशाची जागा त्यांनी घेतली. कुबडवाल्या महाशीरला त्याचं शास्त्रीय नाव पक्कं मिळालं ते २०१८ साली, आणि त्याच वर्षी नामशेष होण्याचा अतिगंभीर धोका असलेल्या जातींत त्याची गणना झाली. दरम्यान अभयारण्यात गळ टाकणं कायद्यानं बंद झालं. मासा वाचावा हाच त्यामागचा हेतू. पण वही मिटली आणि नदीवरचा एक डोळाही मिटला.

वहीचं महत्त्व किहीमला नवं नाही. १९३० साली सलीम अली यांनी इथंच सुगरणीच्या घरट्यांवर पाळत ठेवली होती. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते आणि नर दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो, हे त्यांना उमगलं ते रोज पाहून, रोज लिहून. हीच घरटी गावातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. लिहिलं कुणी नव्हतं.

आता आमच्या जिताड्याचंच घ्या. पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्लं वर चढतात; आमच्याकडे ती गोड्या पाण्याच्या तळ्यांतही वाढवतात. हा मासा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला, की मादी होतो. अंडी घालायला त्याला खाऱ्या पाण्यात परतावं लागतं. म्हणजे खाडीत सापडलेला सगळ्यात मोठा जिताडा ही पुढच्या पिढीची आई असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नदीत किंवा किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरहून लहान किंवा १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा लागला, तर सोडूनच द्यावा लागतो. आपल्याकडे मात्र थोरल्या जिताड्याचा मान थोरला!

म्हणून गरवायला नेणाऱ्या आमच्या पोरांना माझं सांगणं आहे. एक वही घाला. तारीख, जागा, माशाची जात, लांबी, ठेवला की सोडला, एवढंच लिहा. चिलापी किती आणि गावठी मासे किती, हेही लिहा. चिलापी भारतात आली १९५२ साली. आपल्या तळ्यात ती किती पसरली, हे ती वहीच सांगेल. आणि हौस म्हणून बाहेरचा मासा इथल्या पाण्यात सोडू नका.

श्रोत्यांनाही एक विनंती. यंदाच्या थंडीत कुणी तुम्हाला तळ्यावर न्यायला तयार झालं, तर मासा केवढा मिळेल हे विचारण्याआधी, वही ठेवता का, असं विचारा. पाहुण्यानं विचारलं, की यजमान ठेवतोच.