घर घेताना झोपेचाही हिशेब मांडा

गेल्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ आले. वय ४४, रक्तदाब १६०/१००. डोके जड, चिडचिड वाढलेली. गोळ्या चालू होत्या, पण घाईत अनेकदा राहून जायच्या. झोपेबद्दल विचारले, तर म्हणाले, ‘‘पाच तास. बदलापूरला घर घेतलं ना, डॉक्टर!’’

नोकरी फोर्टला. घरातून निघून कार्यालयात पोहोचायला सव्वादोन तास, म्हणजे जाऊन-येऊन साडेचार. कामाचे नऊ. उरले साडेदहा. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी. ती घेतली तर अंघोळ, जेवण, बाजार, मुलांचा अभ्यास या सगळ्याला साडेतीन तासच राहतात. मग कात्री लागते ती झोपेला. वर्षानुवर्षे झोप कमी पडली, की रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणाचा धोका वाढतो.

कुणी कुठे राहावे, हे सांगणे डॉक्टरचे काम नाही. मुंबईत परवडत नाही म्हणूनच माणूस कल्याण, विरार, पनवेलच्या पुढे जातो. तिथे हवेशीर खोल्या मिळतात, हा आरोग्याचाही फायदा आहे. कोंदट, दाटीच्या घरात क्षयरोग लवकर पसरतो. मात्र बयाणा देण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः तपासा.

पहिली, प्रवास. रविवारी बिल्डरच्या गाडीतून घर पाहून ठरवू नका. सोमवारी सकाळी, कार्यालयाच्या वेळेला, त्या स्टेशनवरून लोकल पकडून पाहा. घरापासून स्टेशन पंधरा मिनिटे चालत असेल तर उत्तमच. जाता-येता आठवड्याचे पाच दिवस भरभर चाललात, तर जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली १५० मिनिटे तिथेच भरतात.

दुसरी, रुग्णालय. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर ईसीजी कुठे निघेल? पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅन करून. ही सोय रात्री चालू असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला इमारतीपर्यंत येता येईल का, वाटेत रेल्वे फाटक आहे का, तेही पाहा.

तिसरी, पाणी. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणी परिसर पाण्याखाली गेला. पाणी कुठवर चढले होते, हे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार सांगेल. पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर लेप्टोची भीती असते; अशा वेळी ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

चौथी, रात्र. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. महामार्गालगतच्या खिडकीत ती पाळली जाईलच असे नाही. एकदा रात्री अकरानंतर तिथे उभे राहा. कारखान्यांचा वास येतो का, पाहा. घरात दमेकरी असेल तर हे विसरूच नका.

त्या गृहस्थांचे घर झालेले होते, हप्तेही सुरू होते. म्हणून गोळ्या डब्याच्या पिशवीत ठेवायला सांगितल्या. कार्यालयाकडून त्यांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतले. परवा आले तेव्हा रक्तदाब १४२/९० होता. अजून उतरायला हवा. पण ‘‘बुधवारी सात तास झोपलो,’’ हे त्यांनी न विचारता सांगितले.