मोटरीचा नंबर

सदलग्यात दूधगंगेच्या पाण्यावर उसाची शेती करणाऱ्यांना मोबाईल स्टार्टर नवा नाही. पेटीत सिमकार्ड घालायचं, थ्री फेज आली की घरूनच त्या नंबरला फोन लावायचा आणि नदीवरची मोटर चालू करायची. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन काठावर जाणं त्यामुळं वाचलं. यंत्राला स्वतःचा पत्ता मिळाला तो असा. पण पत्ता, मग तो कशाचाही असो, कसा लिहावा, यावर गेली पन्नास वर्षं डोकेफोड चालू आहे.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. सदलग्याचा ५९१२३९; सीमेपलीकडं महाराष्ट्राच्या शिरोळ तालुक्यात शिरलं की सुरुवात ४ नं. आकडे सहाच, पहिला कधीच शून्य नाही. एखादा आकडा गळला तर टपाल निवडणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. मला ही रचना आजही अभ्यासावी अशी वाटते.

फोनचं तसं झालं नाही. इथला एसटीडी कोड ०८३३८, पुढं सहा आकडे. आधीचं शून्य काढलं तर एकूण दहा. मोबाईलचेही दहाच. मग नंबर तारेवरचा की टॉवरवरचा, हे ओळखायचं कशावरून? अखेर १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य सक्तीचं झालं आणि तेवढ्यानं सुमारे २५४ कोटी नंबरांची सोय झाली. यंत्रांच्या नव्या सिमसाठी तर १ जुलै २०१८ पासूनच तेरा आकडी नंबर ठरले होते. तो निर्णय शहाणपणाचा होता, कारण माणूस की यंत्र हे नुसत्या लांबीवरून कळतं.

इंटरनेटवरही हाच घोळ. १९८१ च्या आयपी पत्त्यात सुमारे ४२९ कोटी जागा. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. त्याआधीच, १९९८ मध्ये, १२८ बिटांचा आयपीव्ही-६ ठरला होता. त्यात आकड्यांचे गट अपूर्णविरामाच्या (:) चिन्हानं तोडतात. पण पोर्टचा आकडाही त्याच चिन्हानं जोडायची जुनी पद्धत. म्हणून वेबच्या पत्त्यात आयपीव्ही-६ चा आकडा चौकटी कंसात घालावा लागला.

एवढं करूनही नमुन्यात बसणारा पत्ता पोहोचेलच असं नाही. पेटीतलं मोडेम टू-जीचं आणि आत सिम फक्त फोर-जी चालवणाऱ्या कंपनीचं असेल, तर सगळे आकडे बरोबर असून मोटर हलत नाही. पेटीवर नंबराशेजारी तो कोणत्या नेटवर्कचा, हेही कारखान्यातच छापलं पाहिजे.