अप्रभावी गुण आणि शेंदरी बोंडअळी

काळ्या-पांढऱ्या होलस्टीन गाईला काळ्या-पांढऱ्या वळूपासून एखादे वेळी तांबडे-पांढरे वासरू होते. आई-बापात न दिसणारा रंग वासरात आला कोठून? या प्रश्नाच्या उत्तरातच कपाशीवरील शेंदरी बोंडअळी बीटी वाणाला का जुमानत नाही, याचेही उत्तर दडलेले आहे.

जोडीचा नियम

प्रत्येक गुणासाठी जनुकांची जोडी असते. एक आईकडून येते, दुसरे बापाकडून. जोडीतील एकच जनुक असले तरी जो गुण दिसतो तो प्रभावी. दोन्ही जनुके सारखी असली तरच जो दिसतो तो अप्रभावी. काळा रंग प्रभावी, तांबडा अप्रभावी. वरील गाय व वळू या दोघांकडेही तांबड्याचे एकेक जनुक लपलेले होते. अशा जोडीपासून तांबडे वासरू होण्याची शक्यता चारात एक असते.

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून हा नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. उंच व बुटक्या झाडांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच आली. दुसऱ्या पिढीत मात्र १०६४ झाडांपैकी ७८७ उंच व २७७ बुटकी निघाली, म्हणजे सुमारे तीनास एक. बुटकेपणा नाहीसा झालेला नव्हता. राखेखालच्या निखाऱ्यासारखा झाकलेला होता.

अळीचा हिशेब

बीटी विषाला तोंड देण्याचा शेंदरी बोंडअळीतील गुण बहुतांशी अप्रभावी आहे. विषाला बळी पडणाऱ्या जनुकास 'स' व प्रतिकार करणाऱ्यास 'र' म्हणू. सस अळी बीटी बोंड खाऊन मरते. पुरेसे विष असल्यास सर अळीही मरते. फक्त रर अळी जगते.

समजा, हजार जनुकांत एकच र आहे. मग रर अळी दहा लाखांत एखादीच निघेल. सारे शेत बीटीचे असेल तर वाचलेल्या रर पतंगांना जोडीदारही ररच मिळतात आणि त्यांची सर्व पिल्ले रर होतात. याउलट शेजारी बिगर बीटी कपाशी असेल, तर तेथून मोठ्या संख्येने सस पतंग बाहेर पडतात. रर व सस यांच्या मीलनातून सर्व पिल्ले सर होतात आणि ती बीटी बोंडात मरतात. बिगर बीटीच्या ५ ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते, लावण्याची शिफारस याच हिशेबावर बेतलेली होती.

अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगते, त्यामुळे तिला आश्रय आपोआप मिळतो. शेंदरी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. तिच्यासाठी आश्रयाच्या ओळी आपणच लावायच्या होत्या. अनेक शेतांत त्या लागल्या नाहीत. भारतात बीटी कपाशीस २००२ मध्ये व दोन जनुकांच्या वाणांस २००६ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या विषाला गुजरातमधील अळीने दाद न दिल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसरे विषही निष्प्रभ ठरू लागले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

फरदडीचा धोका

गुण अप्रभावी राहणे हे विषाच्या मात्रेवरही अवलंबून असते. हंगामाच्या शेवटी झाडातील विष कमी होते. अशा वेळी सर अळीही जगू शकते आणि र जनुक पुढील पिढीत वेगाने पसरते. म्हणून फरदड केवळ अळीला खाद्य पुरवत नाही, तर तिच्या प्रतिकाराची पैदासही वाढवते.

काय करावे?

र जनुक एकदा सर्वत्र पसरले की आश्रयाच्या ओळींतील पतंगांतही ते असते. त्यामुळे आता केवळ या ओळींवर विसंबून चालणार नाही. पुढील उपाय गावाने मिळून करावेत.

१. बिगर बीटी बियाण्याची वेगळी पुडी मिळाल्यास ती फेकू नये, पेरावी.
२. हंगामपूर्व लागवड टाळावी.
३. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळल्यास किंवा हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव दिसल्यास शिफारशीनुसार फवारणी करावी.
४. डोमकळ्या अळीसह तोडून नष्ट कराव्यात.
५. डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये. पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत.

पतंग बांध ओळखत नाही. एकाच्या शेतात जगलेले र जनुक पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या बोंडात उतरते. म्हणून लागवड व काढणीच्या तारखा शेजाऱ्यांशी बोलूनच ठरवाव्यात.