पोटातील गळती आणि बाहेरची नळी

जठराच्या शस्त्रक्रियेनंतर चार-आठ दिवसांनी डॉक्टर सांगतात, "आत थोडी गळती आहे, बाहेरून नळी घालून निचरा करावा लागेल." हे ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. शस्त्रक्रिया वाया गेली, आता पुन्हा पोट फाडणार, असे मनात येते. आपल्या वयात कोणाचे जठर कर्करोगामुळे कापावे लागते, तर कोणाच्या लेकी-सुनेचे वजन कमी करण्यासाठी लहान केले जाते. म्हणून ही नळी काय करते आणि ती असताना आपण काय करायचे, हे नीट समजून घेऊ.

गळती म्हणजे काय?

जठर ही स्नायूंची पिशवी आहे. तिचा भाग कापला की उरलेल्या कडा टाक्यांनी किंवा धातूच्या बारीक पिनांनी जोडतात. त्या जोडावर ताण पडला किंवा तिथे पुरेसे रक्त पोहोचले नाही, तर शिवण एखाद्या ठिकाणी उसवते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जठराची केळ्याएवढी अरुंद नळी उरते. तिथे गळती झाली तर ती बहुधा वरच्या टोकाशी, अन्ननलिकेजवळ होते. अशा शस्त्रक्रियेनंतर शंभरांत एखाद्या-दुसऱ्यालाच हा त्रास होतो. कर्करोगासाठी संपूर्ण जठर काढल्यावर मात्र त्याचे प्रमाण अधिक असते.

भोकापेक्षा मोठा धोका त्यातून झिरपणाऱ्या रसाचा असतो. आंबट पाचक रस, लाळ आणि अन्नाचे कण पोटाच्या पोकळीत साचतात. शरीर त्याभोवती कुंपण घालते, आत पू होतो आणि त्याचे विष रक्तात भिनू लागते. साचलेले बाहेर पडेपर्यंत औषधांचाही पुरेसा उपयोग होत नाही, कारण पुवाच्या त्या कप्प्यात औषध नीट पोहोचतच नाही.

मग लगेच पोट उघडून टाका का घालत नाहीत? कोकणातले आपले कौलारू घर आठवा. मुसळधार पावसात कौल गळू लागले तर कोणी छपरावर चढत नाही, आधी खाली पातेले ठेवतात. पाऊस थांबला की कौल सारखे करतात. सुजलेल्या, लालबुंद झालेल्या ऊतींत नवा टाका घातला तर तो बहुधा टिकत नाही. म्हणून आधी रसाला बाहेरची वाट करून देतात. सूज उतरली की पुष्कळदा भोक आपोआप भरून येते.

याच देशातले एक जुने उदाहरण

६ जून १८२२ रोजी मिशिगनमधील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार चुकून लागला. जठराला भोक पडले. सैन्यातील डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो जगेल असे वाटले नव्हते, पण तो जगला. त्याच्या जठराची कड पोटाच्या भिंतीला चिकटून बरी झाली आणि रस आत न सांडता बाहेर येऊ लागला. त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडत बोमाँट यांनी पचनाचा अभ्यास केला आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. सेंट मार्टिन १८८० मध्ये वारला, म्हणजे जखमेनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. रसाला बाहेरची वाट मिळाली तर जठराला भोक असूनही माणूस जगू शकतो, हे त्याच्या उदाहरणावरून दिसते. आजचे डॉक्टर तशी वाट मुद्दाम आणि काही काळापुरती करून देतात.

नळी कशी घालतात?

पूर्वी साचलेला पू काढण्यासाठी पोटच उघडावे लागे, कारण तो नेमका कुठे आहे हे बाहेरून दिसत नसे. १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती सांगितली. १९७१ मध्ये लंडनजवळच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन झाला. त्या शोधासाठी इंग्लंडचे गॉडफ्री हाउन्सफील्ड आणि मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाचे ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. १९८१ मध्ये बोस्टनमधील डॉ. स्टीफन गर्झॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतून नळी घालून पोटातील पू काढण्याचा पाच वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. आता हे काम इथे नेहमीचे झाले आहे. ते करणाऱ्या डॉक्टरांना इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट म्हणतात.

रुग्णाला टेबलावर निजवतात. शिरेतून गुंगीचे औषध देतात आणि नळी जिथे घालायची तेवढीच जागा बधिर करतात. सोनोग्राफी किंवा सी.टी.च्या चित्रावर पाहत, आतडे आणि रक्तवाहिन्या चुकवत, बारीक सुई पुवाच्या कप्प्यात नेतात. सुईतून तार, तारेवरून नळी, आणि मग तार काढून घेतात. नळीचे आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते, त्यामुळे ती सहज निसटत नाही. नळीची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणून बारा फ्रेंचची नळी चार मिलिमीटर जाड असते. बाहेरच्या टोकाला पिशवी लावतात आणि निघालेल्या पुवाचा नमुना तपासायला पाठवतात.

त्याआधी काही गोष्टी डॉक्टरांना न विसरता सांगाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, आणि स्कॅनच्या वेळी शिरेतून देण्याच्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते का?

नळी घातली म्हणजे सगळे संपले असे नाही. सोबत प्रतिजैविके चालतात. काहींना तोंडातून दुर्बीण घालून भोकावर आतून आवरण असलेली जाळीदार नळी बसवतात. विष सगळ्या पोटात पसरले असेल किंवा रक्तदाब घसरत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. म्हणूनच दुखणे लवकर सांगणे महत्त्वाचे आहे.

अंगावर काढू नका

आपल्या पिढीला दुखणे अंगावर काढायची सवय आहे. मुले कामावर असतात, त्यांना कशाला त्रास द्यायचा, असे आपण म्हणतो. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर हे चालणार नाही. छातीत धडधड, ताप किंवा थंडी, वाढती पोटदुखी, धाप आणि डाव्या खांद्यात दुखणे या खुणा लक्षात ठेवा. जठराच्या दुखण्याचा खांद्याशी काय संबंध, असे वाटेल. पण छाती आणि पोट यांमधील पडद्याची मज्जातंतू मानेतून येते, म्हणून पडद्याखाली पू साचला की दुखणे खांद्यात जाणवते. उतारवयात ताप येईलच असेही नाही, आणि रक्तदाबाची काही औषधे नाडीचा वेग दाबून ठेवतात. तेव्हा "ताप नाही ना, मग उद्या बघू" म्हणून थांबू नका. शुक्रवारी रात्री यांपैकी काही जाणवले तर शब्बाथ संपण्याची वाट पाहू नका. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, हीच आपल्या धर्माची आज्ञा आहे. सर्जनच्या कार्यालयाला ताबडतोब फोन करा. श्वास घेणे कठीण झाले किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपू लागली तर ९११ लावा.

घरी आल्यावर

पुष्कळांना नळीसकट घरी पाठवतात. ती काही दिवस ते काही आठवडे राहते. पिशवी कमरेच्या खाली ठेवावी आणि नळीला पीळ पडू देऊ नये. परिचारिकेने शिकवले असेल तसे आणि तितकेच खारे निर्जंतुक पाणी नळीतून सोडावे. रोज ठरलेल्या वेळी किती मिलिलिटर निघाले आणि रंग कसा होता, हे वहीत लिहावे. नळी कधी काढायची हे डॉक्टर त्या वहीवरून, रुग्णाच्या तब्येतीवरून आणि पुन्हा केलेल्या तपासणीवरून ठरवतात. निचरा एकाएकी थांबला, रक्त आले, प्यायलेले पाणी पिशवीत दिसले किंवा नळी निसटली तर लगेच कळवावे. निसटलेली नळी स्वतः आत ढकलू नये. घराबाहेर पडणे कठीण असेल तर मेडिकेअरच्या नियमांनुसार परिचारिका घरी येऊ शकते, तिच्यासाठी डॉक्टरांकडे मागणी करा.

सगळ्यात कठीण पथ्य खाण्याचे. भोक भरेपर्यंत बहुतेकांचे तोंडाने खाणे-पिणे बंद असते. पोषण शिरेतून किंवा आतड्यात सोडलेल्या बारीक नळीतून मिळते. भेटायला येणारी प्रेमाची माणसे म्हणतात, "दोन घोट पेज घेऊ दे, अंगात ताकद येईल." ते दोन घोट त्याच भोकातून आत झिरपतील. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पेज नाही, सोलकढी नाही, पाण्याचा घोटही नाही. भेटायला जाणाऱ्यांनी डबा नेऊ नये, रुग्णाजवळ बसून बोलावे.

शेवटी भाषेविषयी. आजारपणात इंग्रजी शब्द आठवत नाहीत, आणि लाजेने आपण नुसते "येस, येस" म्हणतो. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने दुभाषा विनामूल्य द्यावा, हा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि २०१० च्या आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ ने दिलेला आपला हक्क आहे. "मला मराठी दुभाषा हवा" असे स्पष्ट सांगा. तो बहुधा फोनवर किंवा पडद्यावर मिळेल. नातवाला दुभाषा करू नका, तो आजी-आजोबांच्या काळजीपोटी अर्धे सांगेल आणि अर्धे गाळेल. नळी किती दिवस राहणार, किती पाणी सोडायचे आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे तीन प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरे लिहून घेतल्यावरच घरी या.