कार्बन डायऑक्साइडला कामाला लावणारा पाक

कोंबडीखाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड ३०२ अंश सेल्सिअसला वितळतं, शेतकऱ्याच्या ओळखीचा युरिया १३३ अंशांना. पण कोलीन क्लोराइडच्या एका रेणूमागे युरियाचे दोन रेणू घेऊन हे पांढरे स्फटिक थोडे गरम केले की त्यांचा साखरेच्या पाकासारखा नितळ द्रव होतो. तो १२ अंशांपर्यंत गोठत नाही! इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू ॲबट यांच्या गटानं २००३ मध्ये तो जगापुढे मांडला. बेंझीनसारखी त्याची वाफ उडत नाही, म्हणून तो हरित द्रावक.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू मोठा हट्टी, सहजासहजी कशाशी जुळत नाही. योग्य उत्प्रेरक आणि असा द्रावक मिळाला, तर मात्र तो इपॉक्साइड या सेंद्रिय संयुगाशी जोडला जातो. त्यातून तयार होणारी चक्रीय कार्बोनेटं मोबाइलच्या लिथियम बॅटरीत लागतात.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत (पूर्वीची यूडीसीटी, स्थापना १९३३) प्रा. भालचंद्र भानगे यांच्या गटानं कार्बन डायऑक्साइडच्या अशा वापरावर बरंच काम केलंय.

खतकारखान्यातही कार्बन डायऑक्साइड कामाला लावतात: एक टन युरियासाठी तो सुमारे ७३० किलो लागतो. शेतात मात्र तो पुन्हा हवेत सुटतो. म्हणूनच त्याला धरून ठेवणाऱ्या टिकाऊ रसायनांचं मोल अधिक.

रसायनशास्त्रात रस असलेल्या छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: मुंबईच्या याच रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा संकुल त्यांच्या स्टेशनावरून जाणाऱ्या लोहमार्गावरच आहे, जालन्यात.